भिंतीला नाक लावणारे सदूभाई

रोज अकराच्या सुमारास आमचे शेजारी सदूभाई घरातल्या जांभ्याच्या भिंतीला नाक लावून, डोळे मिटून उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस हातचा गेला. तेवढ्यात वास हुंगून ते म्हणाले, "बांगड्याचा तिकला. तिरफळां जरा जास्तीच घातल्यान." आणि समाधानाने कामाला बसले.

काम म्हणजे कॉम्प्युटरवर दगडातून वायू सोडणं. दगड खरा नाही, वायूही खरा नाही, सगळं गणितात. अतिशय घट्ट खडकातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून वायू कशी वाट काढतो, हे ते घरबसल्या कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी शोधतात. एकेक हिशेब दिवसचे दिवस चालतो. तोवर मशीनचा पंखा घरघरत असतो, आणि लाइट गेली की सदूभाई सुतकी चेहऱ्याने पायरीवर येऊन बसतात.

मी एकदा विचारलं, "एवढ्या बारीक भोकात वायू जाता तरी कसो?"

"कण एकमेकांक आपटनत नाय रे. नुसते भिंतीक आपटत रवतत. आपटत आपटत फुडे जातत. वाट आसा, बारीक आसा."

हे त्यांचं पालुपद. बाजारात गाडी अडकली, बँकेत रांग लागली, तरी हेच ऐकायचं.

भिंतीपलीकडे त्यांचे थोरले भाऊ अप्पा एकटे राहतात. वाटणीच्या वेळी दोघांचं बिनसलं, एका घराची दोन घरं झाली आणि मध्ये ही भिंत आली. तेव्हापासून बोलणं बंद. हट्टीपणात दोघेही सख्खे. भिंत ओल धरते म्हणून मी गवंडी आणला, तर सदूभाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "गिलाव्यान वाट बंद जातली!" भिंत आढ्यापर्यंत पोचलेलीच नाही, वास कौलांखालच्या फटीतून येतो, एवढं मी बोललो मात्र. एवढा शिकलेला माणूस माझ्यावर रुसून बसला.

परवा लाइट गेली ती दुसऱ्या दिवशीही येईना. दुपार झाली आणि सदूभाई माझ्या दारात. "अप्पान काल शिजवक नाय, आजय नाय. तू जा मरे, बघून ये. माका तो दारात उभो करूचो नाय." त्यांचा चेहरा बघवेना.

अप्पा तापाने फणफणले होते, लाइट गेल्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. मी कपाळाला हात लावला, तो त्यांनी बाजूला सारला.

"माझा रवांदे. सद्याच्या मशीनचो आवाज कालपासून नाय. त्याच्याबगर माका झोप येणा नाय. तो बरो आसा मां?"

"बरे आसत. लाइट नाय म्हणान मशीन बंद," मी कसंबसं म्हणालो.

परत येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सदूभाईंनी उठून पेज शिजवली, टोप नेऊन भिंतीशी ठेवला आणि झाकण काढलं. वाफ वर जाऊ लागली. मला राहवेना.

"सदूभाई, आता दारातसून जावा."

त्यांनी टोपावर झाकण ठेवलं. मग टोप उचलून अंगणातून वळसा घालून गेले. अप्पांचं दार नुसतं लोटलेलं होतं.

संध्याकाळी लाइट आली. मशीन सुरू करायचं असेल म्हणून मी हाक मारायला गेलो. सदूभाई अप्पांच्या खाटेशी बसले होते, रिकामा टोप पायाशी.

"लाइट इली," मी म्हणालो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मशीन रवांदे. आताच झोपलो तो."