वारं समोरून होतं

ज्ञानेशरावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते फक्त सायकलवर, आणि तेही फक्त जाताना. हे वाक्य त्यांनी पुढे इतक्या जणांना ऐकवलं, की सरतेशेवटी त्यांना स्वतःलाच ते रचलेलं वाटू लागलं.

सायकल डॉक्टरांनी लावली होती. एमआयडीसीतल्या डेअरीत दिवसभर स्टुलावर बसून दुधाची फॅट काढायची आणि घरी येऊन फॅट खायची, याचा पोटावर व्हायचा तो परिणाम झाला होता. तेव्हा रोज पहाटे उठून, भवानीनगरच्या अलीकडच्या आपल्या गावातून बारामती रस्त्याला लागायचं, दम लागेपर्यंत जायचं आणि परत फिरायचं असं ठरलं. महिना जूनचा. पावसाचा पत्ता नव्हता, पण वारं मात्र वेळेवर हजर झालं होतं. पश्चिमेकडून असं सुटायचं की उभा ऊस वाकून नमस्कार करायचा.

पहिल्याच दिवशी गाव सुटतंय तोच डोळे गळू लागले. एका हाताने पुसायला जावं तर सायकल रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीकडे ओढ घेई. म्हणून त्यांनी पुसणं सोडून दिलं. पाणी गालांवरून मिशीत आणि मिशीतून शर्टावर उतरू लागलं. अशा अवस्थेत कॅनॉलच्या पुलावर समोरून जोतीराम आला.

जोतीराम मोटरसायकलला कॅन अडकवून गावातलं दूध गोळा करायचा. दुधात तो कधी पाणी घालत नसे. ती हौस तो बातम्यांवर भागवी.

“ज्ञानेशराव! काय झालं वो? कोण गेलं?”

“कुणी नाही. वारं आहे.”

“वारं मलाबी हाय की. मी रडतुय का?”

“तुला पाठीमागून आहे.”

जोतीरामने गाडी स्टँडवर लावली. म्हणजे आता चौकशी सविस्तर होणार होती. “घरात काय वाजलंय का?”

“काही नाही रे बाबा.”

“मोकळं व्हा. आपल्या मानसाला न्हाय सांगायचं तर कुणाला सांगायचं?”

“अरे, वारं आहे!” असं ओरडून ज्ञानेशरावांनी पॅडल मारलं. ओरडताना घसा थोडा चिरकला. तो चिरकायला नको होता.

परत येताना वारं पाठीवर होतं. पॅडल न मारता सायकल पळत होती, डोळे कोरडे झाले होते, आणि फुकट काहीतरी मिळाल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला होता. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि चक्क शीळ घातली. कोपऱ्यात जोतीराम वडापाव खात होता. त्याने शीळ ऐकली.

आता, या दोन तालुक्यांत एखादा माणूस बारामतीच्या दिशेने रडत गेला आणि हसत परत आला, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस नाराज होता. त्याला शब्द मिळाला. उरतो तो प्रश्न एवढाच, की कशाचा. आणि गावात विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली असल्यामुळे तोही उरला नाही.

सोसायटीच्या पॅनेलमधली एक जागा रिकामी होती, आणि ती राजवर्धनची समजली जात होती. राजवर्धन म्हणजे ज्ञानेशरावांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, माधवीताईंचा, भाऊ. सासर-माहेर एकाच गावात, मधे फक्त कॅनॉल. राजवर्धनकडे ट्रॅक्टर होता, ठिबकवरचा ऊस होता, स्लॅबचं घर होतं, बायको नव्हती. पस्तिशी जवळ आली होती. इंदापूरच्या बाजूचे कुंडलिकतात्या आपल्या दिपालीसाठी त्याच्या घरचे पोहे दोनदा खाऊन गेले होते आणि दोन्ही वेळा म्हणाले होते, “पोरगं चांगलं हाय. पन पद काय हाय?” तेव्हापासून राजवर्धन प्रत्येक मयताला खांदा देत होता आणि प्रत्येक वरातीत नाचत होता. संचालक झाला की दिपाली, नाही झाला की ट्रॅक्टर, असा सरळ हिशोब होता.

ज्ञानेशराव आंघोळ करून आले तेव्हा पाटावर ताट नव्हतं. माधवीताई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. चूल म्हणजे गॅस. पण पाठ फिरवण्याची पद्धत चुलीच्या काळातली होती.

“एवढंच पायजे हुतं तर घरात सांगायचं. रस्त्यानं रडत जायची काय गरज हुती?”

“काय पाहिजे होतं?”

“उमेदवारी.”

“कसली उमेदवारी? वारं होतं!”

“वारं मी बी बघितलंय. हितंच जन्मलेय मी. आमच्याकडं कोन न्हाय रडलं वाऱ्यानं.”

“तुमच्याकडं सायकल कोण चालवतं?”

हे उत्तर तर्काला धरून होतं. त्यामुळे त्या दिवशी जेवण मिळालं नाही.

संध्याकाळी राजवर्धन आला. चप्पल दारात काढली, म्हणजे अजून आदर शिल्लक होता. “दाजी, तुमी मला वडलांच्या जागी. जागा पायजे असंल तर तोंडावर मागा. मी देतो. पन मागच्या दारानं रडू नका.”

“राजवर्धन, मी रडलो नाही. समोरून वारं लागलं की डोळ्यात पाणी येतं. शास्त्र आहे ते.”

“शास्त्र असंल. पन येताना का नव्हतं पानी?”

“येताना वारं पाठीमागून होतं!”

राजवर्धनने ताईकडे पाहिलं. ताईने राजवर्धनकडे पाहिलं. बहीण-भावांनी मिळून ज्ञानेशरावांवर दया केली, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशरावांनी गॉगल लावला. काळा, मोठा, बारामतीत रस्त्यावर घेतलेला. वारं बाजूच्या फटीतून आत शिरलं आणि आतलं पाणी काचेखालून बाहेर आलं. नऊ वाजायच्या आत गावभर झालं, की ज्ञानेशरावांचे डोळे रडून रडून सुजलेत, आता गॉगल घालून फिरावं लागतंय.

तिसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “काही झालेलं नाही. वाऱ्याने डोळा कोरडा पडतो, म्हणून तो जास्त पाणी सोडतो.” ज्ञानेशरावांनी हे लेखी मागितलं. डॉक्टर हसले आणि थेंब दिले. ते थेंब स्टँडवरच्या हॉटेलात, मान वर करून, डोळ्यांत घालताना त्यांना पुन्हा जोतीरामने पाहिलं.

“हां!” जोतीराम म्हणाला. “आता कळलं. बाटलीतनं घालता व्हय?”

म्हणजे आधी ते खरे रडत होते म्हणून लोकांना वाईट वाटत होतं; आता ते खोटे रडतात म्हणून लोकांना आदर वाटू लागला. पदासाठी एवढी तयारी करणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

चौथ्या दिवशी त्यांनी सायकलच बंद केली. घरात बसले. तर दुपारी बातमी आली, की ज्ञानेशरावांनी घराबाहेर पडणं सोडलंय, अन्नाला शिवत नाहीत. अन्नाचं खरं होतं. माधवीताई वाढत नव्हत्या.

मग सोपानआबा आले.

सोपानआबा पॅनेलचे प्रमुख. सत्तरीचे, धोतर, टोपी, आणि नाराज माणसाची नाराजी काढण्यात उभं आयुष्य गेलेलं. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, “बोल. काय पायजे?”

“आबा, मला काहीही नको.”

आबांनी सुपारी तोंडात टाकता टाकता हात थांबवला. ‘संचालक करा’ म्हणणारा माणूस संचालकपदावर भागतो. ‘मला काहीही नको’ म्हणणाऱ्याला चेअरमन व्हायचं असतं, हे आबांना कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, पण चुकलंही कधी नव्हतं.

“चेअरमन पैल्या वर्षी न्हाय जमायचं,” आबा हळूच म्हणाले. “दुसऱ्या वर्षी बघू.”

“आबा!” ज्ञानेशराव उठून उभे राहिले. “देवाशपथ सांगतो, वारं होतं. त्या जागेवर राजवर्धनला घ्या. त्याचं लग्न अडलंय. तुम्हाला खोटं वाटतं ना? चला माझ्याबरोबर. आत्ता, या वाऱ्यात सायकलवर बसा. तुमच्या डोळ्यांत पाणी नाही आलं तर मी मिशी काढीन.”

आत स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं. पहिल्यांदाच माधवीताईंना वाटलं, की नवरा भावाच्या बाजूने बोलतोय.

“सायकल?” आबांच्या डोळ्यांत चमक आली. “आरं, म्या तरनेपनी सायकलवर नरसिंहपूरला जाऊन त्याच दिवशी माघारी यायचो. आन हिकडं ती.”

आबांनी धोतराचा काचा मारला. सायकल उंच होती, गिअर आबांना माहीत नव्हते, ब्रेकवर विश्वास नव्हता. ज्ञानेशराव मागून कॅरिअर धरून पळू लागले. कॅनॉलच्या पुलावर आले तसं वारं तोंडावर आलं. आबांची टोपी उडाली. आबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

“आलं!” आबा ओरडले. “ज्ञानेश, आलं की रं पानी!”

“बघा! मी काय म्हणत होतो!” ज्ञानेशराव मागून धापा टाकत ओरडले. आनंदाने त्यांचा ऊर भरून आला होता, आणि वारं त्यांनाही समोरूनच होतं. तेव्हा दोघांचे चारही डोळे वाहत होते.

समोरून जोतीराम येत होता. यावेळी त्याने काही विचारलं नाही. गाडी बाजूला घेतली, उतरला, पायांतल्या चपला काढल्या आणि मोबाईल काढून फोटो घेतला.

ते पुलाच्या कठड्यावर दम खात बसले तोवर फोटो गावच्या ग्रुपवर पोचला होता. आबा सायकलवर, उघड्या डोक्याने रडतायत. ज्ञानेशराव त्यांच्या मागे, कॅरिअर धरून रडतायत. खाली जोतीरामने लिहिलं होतं, ‘निष्ठा यापेक्षा वेगळी काय असते?’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

“ज्ञानेश,” आबा डोळे पुसत म्हणाले, “तुझं खरं हाय. वाऱ्यानं पानी येतं.”

“मग झालं तर!”

“झालं कसलं? ते तुला म्हाईत आन मला म्हाईत. गावानं माझ्या डोळ्यांत पानी बघितलंय. चाळीस वर्सांत बघितलं नव्हतं. आता तुला घेतलं न्हाय, तर म्हनतील आबा खोटंच रडला. माझं पॅनेल जाईल.”

“आणि राजवर्धन?”

“त्येला पाच वर्सांनी बघू.”

“पाच वर्षांनी त्याला कोण मुलगी देणार, आबा?”

आबा उठून टोपी शोधू लागले.

रविवारी मारुतीच्या देवळासमोर नावं जाहीर झाली. शेवटचं नाव ज्ञानेशरावांचं निघालं. टाळ्या वाजल्या. ज्ञानेशराव नकार द्यायला उठले, “मी या जागेला लायक नाही,” एवढं म्हणाले, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. मागे मोटरसायकलचा आवाज झाला. राजवर्धन कुणाकडे न बघता गाडीला किक मारून निघून गेला होता. त्या रात्री कॅनॉलच्या दोन्ही काठांवर कुणी जेवलं नाही. माधवीताई एकच बोलल्या. “माझ्या भावाचा संसार उठवला तुमी. मांडायच्या आदी.”

सकाळी अर्ज भरायचा होता. आबांचा माणूस सहीसाठी येणार होता. ज्ञानेशरावांनी मनाशी पक्कं ठरवलं, सही करायची नाही. पॅनेल पडो, आबा रुसोत, गाव काय म्हणायचं ते म्हणो. जागा मोकळी ठेवायची, म्हणजे आबांना झक मारून राजवर्धनला घ्यावं लागेल. अंगात शर्ट चढवून ते हे सांगायला आबांकडे निघाले, तो माधवीताई दारात आडव्या आल्या. त्यांच्या हातात फोन होता, आणि त्या हसत होत्या. आठवड्याभरात प्रथमच.

“कुठं निघाला?”

“आबांकडे. सही करणार नाही म्हणून सांगतो.”

“डोकं फिरलंय का तुमचं?” माधवीताईंनी दाराला कडी लावली. “कुंडलिकतात्यांचा फोन हुता. फोटो त्यांच्यापतूर गेलाय. जोतीरामनं रात्री त्येच्याखाली लिवलंय, राजवर्धननं रडत्या दाजीसाठी स्वतःची जागा सोडली आन एक शब्द न बोलता निगून गेला. तात्या म्हनले, पद काय, कुनालाबी मिळतं. पन आजच्या काळात असा सोडनारा पोरगा न्हाय मिळायचा. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची म्हंत्यात.”

“अगं, पण त्याने सोडलीच नाही! तो चिडून गेला!”

“हळू बोला की.” त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीचं दार लोटलं. “तुमी आता माघारी फिरला, तर त्येनं सोडलं कुनासाठी? मग त्यागाचं काय ऱ्हायलं?”

सत्य सगळं ज्ञानेशरावांच्या बाजूने होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

बाहेर आबांचा माणूस येऊन थांबला. माधवीताईंनी कडी काढून त्याला आत घेतलं, अर्ज पाटावर मांडला आणि नवऱ्याच्या हातात पेन दिलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “एक विचारू? हे समदं तुमी राजवर्धनसाठीच केलं न्हवं? मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं का?”

खरं काय ते सांगायला ज्ञानेशरावांकडे वेळ होता, शब्द होते, आणि इतक्या दिवसांचा सरावही होता. स्वयंपाकघरातून थालीपिठाचा वास येत होता.

“मग काय,” ते म्हणाले, आणि सही केली.