खिशातला दुसरा चेंडू

“नुसतं बसायचंय. बसण्यात माणूस काय चुकणार?” असं नॉर्बर्ट व्रोबेल त्या शनिवारी बायकोला म्हणाला आणि त्याने अंगात मिलर्सचं निळं जाकीट चढवलं.

रेजिनाने त्याची कॉलर सरळ केली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि नॉर्बर्ट नुसता बसून काय काय चुकू शकतो हे तिने पाहिलं होतं.

चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर. बफेलो मिलर्स त्रेपन्न वर्षांनी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, उंबरठ्यावर उभे होते. डेन्व्हरवाल्यांशी पाच सामने, दोन त्यांचे, दोन आपले, पाचवा आज आपल्याच मैदानात. पोलिश वस्तीत दोन लग्नं पुढे ढकलली होती. नोवाक मंडळींना आजीला पुरायचं होतं, त्यांनीही सोमवार धरला होता. आजींची स्वतःचीही हरकत नसती.

तिकीट मात्र नॉर्बर्टचं नव्हतं, ताताचं होतं. ताता म्हणजे त्याचे वडील झिग्मुंट, वय एक्याऐंशी. उभा जन्म पिठाच्या गिरणीत पोती वाहण्यात गेला आणि सगळे शनिवार डाव्या कुंपणामागच्या पहिल्या रांगेतल्या एकाच खुर्चीवर. यंदा त्यांचं हृदय मध्येच थांबायला लागलं होतं. चार पायऱ्या चढले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर फ्लॅनरींनी स्वच्छ सांगितलं होतं, पेसमेकर बसवा, नाहीतर एखाद्या सकाळी उठणार नाही.

“छातीत बॅटरी?” ताता म्हणाले होते. “मी काय ट्रान्झिस्टर आहे?”

“अहो ताता, तासाभराचं काम आहे.”

“मिलर्स वर्ल्ड सिरीजला गेले की माझं इथलं काम संपलं. मग हृदयाने हवं तेव्हा थांबावं. मी त्याला अडवणार नाही.”

नॉर्बर्टने हातापाया पडून झालं, रेजिनाने रडून झालं, पाद्री कुबिआकांनी येऊन दोन वेळा कॉफी पिऊन झालं. ताता ढिम्म. पोराला एवढाच घोर लागला होता, की मिलर्स हरले तर म्हातारा खचून जाईल आणि जिंकले तर समाधानाने जाईल. काहीही झालं तरी जाणारच, असं दिसत होतं.

निघताना तातांनी उशीखालून एक जुनाट पिवळट चेंडू काढला आणि त्याच्या उजव्या खिशात कोंबला.

मिलर्सच्या मैदानात एक रीत आहे. पाहुण्यांनी होमरन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे प्रेक्षकांत टोलवला, आणि तो तुमच्या हाती आला, तर तो ठेवायचा नाही. शत्रूचा चेंडू तत्काळ मैदानात परत भिरकवायचा. जो ठेवील त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण जुनी खोडं बनेल असतात. ती खिशात एक फालतू चेंडू घेऊनच येतात, तो फेकतात आणि खरा घरी नेतात. ताताच्या कपाटात असे तीन खरे चेंडू होते.

“लक्षात ठेव,” ताता म्हणाले, “लोक ‘फेक’ म्हणाले की विचार करायचा नाही. विचार केलास की चेहऱ्यावर दिसतं. हात सरळ खिशात.”

आयुष्यात नॉर्बर्टने वडिलांचं एकच म्हणणं तंतोतंत पाळलं, आणि ते नेमकं हे.

नववा डाव आला तेव्हा मिलर्स तीन-दोनने पुढे होते. डेन्व्हरचे दोन गडी बाद, एक पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर. एक गडी टिपला की झालं. चाळीस हजार माणसं उभी होती. नॉर्बर्टही उभा राहिला, म्हणजे नुसतं बसायचं हा बेत तिथेच मोडला.

डेन्व्हरच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला. तो थेट नॉर्बर्टच्याच दिशेने यायला लागला. नॉर्बर्टने हात वर केले, डोळे मिटले, आणि चेंडू कुंपणाच्या माथ्यावर आपटून आतल्या बाजूला, मैदानातच पडला. म्हणजे होमरन नव्हता. खेळ चालू होता. पण हे ज्यांचे डोळे उघडे होते त्यांना कळलं. नॉर्बर्ट तोल जाऊन खुर्च्यांमध्ये पडला होता. तो उठला तेव्हा मागच्या रांगांना वाटलं, चेंडू यालाच मिळाला. “फेक!” कोणीतरी ओरडलं. “फेक रे, फेक!” पाचशे जण ओरडले.

हात सरळ खिशात.

खाली मिलर्सचा खेळाडू कुंपणाशी चेंडू शोधत होता. त्याच्या पायाशी एक चेंडू येऊन पडला. त्याने उचलला आणि आयुष्यातली सर्वोत्तम फेक केली. पहिल्या बेसवरून धावत येणारा डेन्व्हरवाला होम बेसच्या हातभर अलीकडे बाद झाला. सामना संपला. मिलर्स जिंकले. खेळाडू एकमेकांच्या उरावर पडले, आतषबाजी सुटली, अनोळखी बायकांनी नॉर्बर्टच्या गालाचे मुके घेतले. तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. चार मिनिटं टिकला.

डेन्व्हरचा फलंदाज तेवढा शहाणा निघाला. तो या गोंधळात शांतपणे धावतच राहिला आणि सगळे बेस शिवून घरी पोहोचला. मग त्याने पंचांना कुंपणाकडे बोट करून दाखवलं. कुंपणाच्या पायथ्याशी एक पांढराशुभ्र चेंडू पडला होता.

पंचांनी हातातला चेंडू उलटून पाहिला. चष्मा लावून पाहिला. टीव्हीच्या कॅमेऱ्याने अगदी जवळ जाऊन पाहिला. सगळ्या देशाने वाचलं. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत: झिग्मुंट व्रोबेल. सापडल्यास फोन करावा. आणि खाली सात आकडे.

ताता सगळ्या वस्तूंवर नाव घालायचे. फावड्यावर, छत्रीवर, कवळीच्या डबीवर. तीस वर्षांत हा चेंडू फेकायची वेळ त्यांच्यावर फक्त तीनदा आली होती, आणि तिन्ही वेळा मैदानातल्या माळ्याने फोन करून तो परत केला होता.

सहा पंच वीस मिनिटं डोकी एकत्र करून उभे राहिले. शेवटी बाद धरलेल्या गड्याची आणि त्या फलंदाजाची, अशा दोन धावा डेन्व्हरच्या खात्यात गेल्या. चार-तीन. खरं तर मिलर्सची शेवटची फलंदाजी अजून बाकी होती. पण तीन फलंदाज आले, तिघांनी हवेत दांडू फिरवला आणि तिघं परत गेले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणाचं नाव नॉर्बर्ट होतं. त्या तिघांची नावं आज बफेलोत कोणाला आठवत नाहीत.

पोलिसांनी नॉर्बर्टला हॉटडॉगच्या गाडीत बसवून बाहेर काढलं. घरी आला तर फोन खणखणत होता आणि ताता तो उचलत होते. वर्षभर ज्या म्हाताऱ्याला दाताच्या डॉक्टरखेरीज कोणाचा फोन आला नव्हता, त्याला उसंत नव्हती.

“हो, मीच झिग्मुंट. हो, चेंडू माझाच. फेकला पोराने... मूर्ख आहेच, तुम्ही नवीन काय सांगताय? नाही, आत्ता आलाय, दारात उभा आहे. हॉटडॉगवरच्या मोहरीचा वास येतोय त्याला. देऊ का?”

“ताता, नको.”

“नको म्हणतोय. तासाभराने करा, तोवर जेवेल.”

“ताता, मला माफ करा.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली. फोन मात्र पुन्हा उचलला. चार दिवस ताता जगाशी बोलत होते, फक्त नॉर्बर्टशी नाही. नॉर्बर्टने पियेरोगींची, म्हणजे पोलिश करंज्यांची, ताटली समोर ठेवली की त्याच्याकडे न बघता रेजिनाला म्हणायचे, “सूनबाई, मीठ कमी आहे असं त्याला सांग.”

नॉर्बर्टचा धंदा पोस्टमनचा. म्हणजे तोंड लपवायची सोयच नाही. रोज सहाशे दारं. सोमवारी पाव्लाकबाईंनी, ज्या अकरा वर्षं त्याला कॉफी द्यायच्या, दार उघडून पत्रं त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

“डब्यात टाकतो ना, बाई.”

“नको बाबा. तू टाकतोस एकीकडे, जातं भलतीकडे.”

मंगळवारपासून त्याला शिव्यांची पत्रं यायला लागली. ती अर्थात त्यालाच वाटावी लागत. एका पाकिटावर नुसतंच लिहिलं होतं, ‘दोन चेंडूंचा गाढव, बफेलो’. ना रस्ता, ना नंबर. टपाल कचेरीतले साहेब ते पाकीट सगळ्यांना अभिमानाने दाखवत होते.

“पत्ता नसताना एका दिवसात पोहोचलं, व्रोबेल. याला म्हणतात सेवा.”

बुधवारी तो चर्चमध्ये जाऊन बसला. पाद्री कुबिआकांनी क्षमेवर अर्धा तास सुंदर प्रवचन दिलं. ते संपल्यावर त्यांनी नॉर्बर्टला खांबामागची जागा दाखवली आणि मिलर्सचा नवा मोसम सुरू होईपर्यंत तिथेच बसलास तर बरं, असं प्रेमाने सुचवलं.

त्या संध्याकाळी नॉर्बर्ट तळघरात जाऊन कपडे धुण्याच्या यंत्रावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. शहराच्या शिव्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. पण त्रेपन्न वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास त्याने काढला होता, त्याच माणसाच्या खुर्चीवर उभं राहून, त्याच्याच चेंडूने. आणि ते हृदय आता रागावून कधीही थांबणार होतं.

वरून काठी आपटल्याचा आवाज आला. “ए मूर्खा, वर ये.”

चार दिवसांतला हा पहिला शब्द. नॉर्बर्ट तीन-तीन पायऱ्या चढत गेला.

“त्या फ्लॅनरीला फोन लाव,” ताता म्हणाले. “बॅटरी बसव म्हणावं.”

“ताता?”

“मग काय करू? सुखाने मरणार होतो, तू मरू दिलं नाहीस. आता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबणं आलं. कमीत कमी. खेळाडूंची अवस्था बघता दोन-तीन वर्षंही लागतील.” मग जरा थांबून म्हणाले, “बॅटरी चांगली घाल म्हणावं. स्वस्तातली नको.”

नॉर्बर्टने नंबर फिरवला. डॉक्टर फ्लॅनरी स्वतःच फोनवर आले. नॉर्बर्टने नाव सांगितलं.

“तेच व्रोबेल?”

“तेच.”

“तुमच्या वडिलांना मंगळवारी आणा. शक्य ते सगळं करीन.” डॉक्टरांनी घसा साफ केला. “एक विनंती आहे. मी विज्ञानाचा माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या वेळी तुम्ही इमारतीत नसाल तर माझा हात स्थिर राहील.”

नॉर्बर्टला वाटलं, ताता तरी यावर भडकतील. ताता म्हणाले, “माणूस समंजस दिसतोय.”

मंगळवारी बर्फ भुरभुरत होतं. नॉर्बर्टने वडिलांना इस्पितळाच्या दारात उतरवलं. आत जाताना तातांनी वळून त्याचं जाकीट चाचपलं, दोन्ही खिसे रिकामे असल्याची खात्री केली, आणि गालावर एक हलकी चापट मारली. मग ते रेजिनाचा हात धरून आत गेले.

तो आवारात गाडीत बसून राहिला. नुसताच बसला. आणि बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, आवार हा इमारतीचाच भाग धरतात की काय? कशाला विषाची परीक्षा? त्याने गाडी रस्त्यापलीकडे नेली. तिथूनही ऑपरेशनच्या मजल्याच्या खिडक्या दिसत होत्या. मग दोन चौक लांब नेली. तिथे रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. म्हणजे अजून जवळच होतो, असं म्हणून त्याने गाडी नदीकडे घेतली. नदीवर पूल होता. पुलाच्या टोकाला खाकी टोपीतला एक अधिकारी होता.

“कॅनडात येण्याचं कारण?”

“वडिलांचं ऑपरेशन आहे.”

“कुठल्या इस्पितळात?”

“बफेलोत.”

अधिकाऱ्याने पुलापलीकडे बफेलोकडे पाहिलं, मग नॉर्बर्टकडे पाहिलं. “मग इकडे का आलात?”

“म्हणूनच,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. अधिकाऱ्याने आणखी काही न विचारता फाटक वर केलं.

चार वाजता, परक्या देशातल्या एका खानावळीतून, नॉर्बर्टने धीर करून इस्पितळात फोन लावला. तोवर त्याच्या चार कॉफ्या झाल्या होत्या. रेजिनाने फोन उचलला.

“अरे, आहेस कुठे? अकरा वाजताच झालं सगळं. छान झालं. मी प्रत्येक गाडीत वाकून बघत फिरले. ताता शुद्धीत आहेत, मघापासून विचारताहेत, पोरगा कुठे, पोरगा कुठे.”

नॉर्बर्ट म्हणाला, “मी कॅनडात आहे. आत्ता निघतो. वीस मिनिटांत पोहोचतो, असं सांग त्यांना.”

रेजिनाने फोनवर हात ठेवला. पलीकडे बारीक, पण चांगला खणखणीत आवाज काहीतरी बोलला.

“काय म्हणाले?” नॉर्बर्टने विचारलं.

“म्हणताहेत, घाई करू नकोस. अजून टाके काढायचेत.”