बारा आठवड्यांचा कागद

डॉक्टरीणबाई "सगळं ठीक आहे" म्हणाल्या आणि तिथंच पारिसाआण्णा मगदुमांच्या मनात पाल चुकचुकली. सगळं ठीक असेल तर बाईंनी कागदावर इंग्रजीत एवढं लिहिलं काय? निपाणीहून सदलग्याला परत येताना सर्व्हिस मोटारीत त्यांनी तो कागद चार वेळा उलगडला, उजेडाला धरला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. शेजारी त्यांची बायको ब्राह्मी डोळे मिटून आवळ्याची फोड चघळत बसली होती. मोटारीच्या धक्क्यांनी तिला मळमळत होतं, पण चेहऱ्यावर नऊ वर्षांत न दिसलेलं समाधान होतं.

पारिसाआण्णांना समाधान म्हणून कशाचं नसे. दूधवाल्यापुढे ते बोट बुडवून दूध बघायचे. पाहुणा "जेवून आलोय" म्हणाला तर कुणाकडे जेवला, हे त्या घरी विचारून यायचे. माणूस मनानं निर्मळ होता, पण समोरच्याचं बोलणं तपासल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे.

लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. त्या वर्षी चातुर्मासाला गावात महाराज मुक्कामाला होते, तेव्हा कुणीतरी सुचवलं, व्रत घ्या, इच्छा पुरी होईल. पारिसाआण्णांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळ्या समाजासमोर चार महिन्यांचं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. मूल व्हावं म्हणून ब्रह्मचर्य, हे औषध ऐकून बायका पदराआड हसल्या. पण आण्णा व्रताला पक्के. त्यांचा स्वतःवरही विश्वास नसल्यामुळे ते चार महिने तंबाखूच्या वखारीत निजले, आणि आपला गडी भरमू याला बाहेरून कडी लावायला सांगितली. कार्तिकी पौर्णिमेला व्रत सुटलं, आणि पौषात ब्राह्मीला दिवस गेल्याची बातमी गावभर झाली. व्रताला फळ आलं म्हणून समाजानं ठरवून टाकलं की माघातल्या पंचकल्याणक पूजेत इंद्राचा मुकुट पारिसाआण्णांच्या डोक्यावर. मुकुट घालून हत्तीवर बसायचा मान होता तो. बस्तीचे मुख्य पंच धरणेंद्र पाटील यांनी तो मान स्वतःच्या जावयासाठी मनात धरला होता, तेवढे ते सोडून सगळ्यांना आनंद झाला.

मोटारीतून उतरल्या उतरल्या ब्राह्मीला घरी सोडून पारिसाआण्णा शाळेत गेले. शाळा सुटली होती. केदारी मास्तर एकटेच फळ्यासमोर बसून पान लावत होते.

"मास्तर, हे जरा वाचा बघू. बाई तोंडानं एक बोलतीया आनि हातानं दुसरंच लिवतीया, असं मला वाटालंय."

मास्तरांनी चष्मा चढवला. इंग्रजी तिसरीपर्यंत झालेला गावात तो एकच माणूस, त्यामुळे न येणारा शब्दही त्यांना सोडता येत नसे.

"हे एल. एम. पी. म्हंजे बाईची डिग्री. म्होरं सव्वीस ऑक्टोबर. त्या तारखंला पास झाली असनार."

"आनि हे?"

"प्रायमिग्रॅव्हिडा." मास्तरांनी कपाटातला शब्दकोश काढून बराच वेळ चाळला. "ह्यात न्हाय. म्हंजे औषध हाय. जेवल्यावर घ्यायचं."

"दिलंच न्हाय की वो तिनं औषध!"

"थांबा, हे गावलं. युटेरस म्हंजे गर्भाशय. ट्वेल्व्ह वीक्स. बारा आठवडं." मास्तरांचा चेहरा खुलला, कारण आकडा दिसला की त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा व्हायचा. "म्हंजे आण्णा, पोराला आज बारा आठवडं झालं. कधी हुईल ते आत्ता काढून देतो."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर मांडायला सुरुवात केली. बारा साते चौऱ्याऐंशी दिवस. मग सहज पडताळा म्हणून दुसऱ्या बाजूला कार्तिकी पौर्णिमेपासून आजपर्यंतचे दिवस मोजले. ते भरले बहात्तर. मास्तरांनी पुन्हा मोजले. पुन्हा बहात्तरच. त्यांनी वजाबाकी केली, खाली 'बारा' लिहिलं, आणि खडू हातात तसाच धरून ते हळूच मागं वळले.

"आण्णा, व्रत पौर्णिमेलाच सोडलासा न्हवं?"

"व्हय."

"आदी न्हाय?"

"मास्तर, कडी भायरनं हुती!"

"मग हे बारा दिस कुठनं आलं?"

पारिसाआण्णा फळ्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची गणितं तपासली होती, आज पहिल्यांदा फळ्यानं त्यांचं तपासलं. त्यांनी कागद उचलला आणि ते बाहेर पडले. मास्तर इतके चक्रावले की फळा पुसायचंच विसरले.

घरी ब्राह्मी चुलीपुढे भाकरी थापत होती. "लई येळ लागला," ती म्हणाली. पारिसाआण्णा पाटावर बसले. तिच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षांत या बाईनं त्यांना कधी एक गोष्ट खोटी सांगितली नव्हती, आणि हे ते तपासून सांगू शकत होते. डॉक्टरीणबाई चुकली असेल? पण तिच्याकडे रबरी नळी होती, घड्याळ होतं. मग चुकलो आपण? झोपेत उठून आलो की काय? कडी बाहेरून होती. जेवण समोर आलं आणि त्यांना घास उतरेना. आपण व्रत पाळलं हे खरं, तर ब्राह्मी खोटी ठरते. ब्राह्मी खरी, तर आपण खोटे. त्यातून तिसरी वाट त्यांना दिसत नव्हती, आणि ब्राह्मीला विचारायचं तर जीभ उचलत नव्हती.

इकडे फळ्यानं आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धरणेंद्र पाटील शाळेचं छप्पर गळतं का हे बघायला आले, कारण ते शाळा कमिटीतही होते. छप्पर राहिलं बाजूला. त्यांनी फळा वाचला, दोनदा वाचला, मास्तरांकडून त्या आकड्यांचा अर्थ काढून घेतला, आणि बस्तीच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पंचांना बोलावणं धाडलं.

पूजा आटोपून सगळे जमले. बायका एका बाजूला बसल्या. ब्राह्मीला सकाळपासून उलट्या होत होत्या म्हणून ती घरीच होती. पाटलांनी घसा साफ केला.

"पारिसा, आमी कुनावर आळ घेत न्हाय. पर इंद्र व्हायचं म्हंजे व्रत चोख पायजे. मास्तरांचं गणित असं सांगतंय की तुझं पोर व्रत सुटायच्या आदीचं हाय. खरं काय ते तूच सांग."

पारिसाआण्णांच्या कानशिलांवरून घाम ओघळला. व्रत पाळलं म्हणावं तर मुकुट राहील, हत्ती राहील, आणि त्याच क्षणी बायकांच्या बाजूला पहिली कुजबुज सुरू होईल. त्यांना भाकरी थापणारे ब्राह्मीचे हात आठवले. त्यांनी हात जोडले.

"माझ्याकडनं व्रत मोडलं, पाटील. चूक माझी हाय."

"खोटं!" मागून भरमू ओरडला. मालकासाठी जीव देणारा गडी, तो कसला गप्प बसतो! "आण्णा खोटं बोलाल्यात! चार म्हैने रोज म्या सोता कडी लावलिया. सकाळी म्याच काढलिया. आण्णा हाललं सुदीक न्हाईत!"

"भरमू, गप बस!"

"का गप बसू? वर हात करून सांगतो की!"

"अरं गप रं, लेका!" पारिसाआण्णा काकुळतीला आले. "मी... मी खिडकीतनं गेलतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. वखारीची खिडकी सगळ्यांना माहीत होती. तंबाखूला वारा लागावा म्हणून भिंतीत ठेवलेला हातभर झरोका होता तो. आणि पारिसाआण्णा बसले की दोन माणसांची जागा अडायची.

"त्या खिडकीतनं मांजर जाईल का न्हाय शंका हाय," पाटील म्हणाले.

"दम धरून गेलो."

"आनि आत कसा आलास परत?"

"तसाच. दम धरून."

हसू दाबायला पंचांपैकी एकानं उपरणं तोंडाला लावलं. पण पाटलांना हसू आलं नाही. ते मान कलती करून म्हणाले, "भरमू शपथ घेतोय तू गेला न्हाईस, तू म्हणतोस गेलो. पारिसा, तू कुनाला तरी झाकाय लागलाईस." आणि बस्तीत जी गोष्ट कुणी बोललं नव्हतं, ती सगळ्यांच्या डोळ्यांत दिसू लागली. मुकुटही गेला आणि ब्राह्मीही वाचली नाही.

तेवढ्यात बायकांतून म्हातारी गुणाबाई काठी टेकत उठली. सदलग्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे पंच वगैरे लोकांची तिला फारशी भीड नव्हती.

"काय मोजालाय रं सगळी बापय मानसं मिळून?"

"गुणाक्का, डॉक्टरीणबाईनं बारा आठवडं लिवल्यात," मास्तर म्हणाले.

"मग बराबर लिवल्यात. डॉक्टरीण पोर राहिल्यापास्नं मोजत न्हाय. त्याच्या आदी बाई बाहेर बसली, त्या पैल्या दिसापास्नं मोजती. माझ्या पोटच्या पोरीचं बी निपाणीत तसंच मोजलं हुतं. त्यातलं पैलं दोन आठवडं पोटात कायबी नसतंय. रिकामंच."

"नसलेलं पोर मोजायचं?" पाटील चिडले. "हे कसलं शास्तर?"

"मग तुमी कधीपास्नं मोजणार? पोर राहिलं तो दिस कुनाला ठावं? बाई बाहेर बसली तो दिस साऱ्या घराला ठावं असतोय, पाणी बी शेजारनी आणून देत्यात."

"मला न्हाय पटत."

गुणाबाईनं काठीची मूठ बदलली. "धरणेंद्रा, तुझा थोरला लग्नानंतर नऊ म्हैन्यांला झाला. बाळंतपण म्याच केलं. डॉक्टरीणबाईच्या मोजणीनं तो तुझ्या लग्नाच्या आदी दोन आठवड्यांपास्नं भरतोय. ते दोन आठवडं रिकामं न्हवतं म्हणायचं असलं, तर काढू का फळ्यावर?"

बायकांची बाजू फिसकन फुटली. पाटलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते झटकन उठले, डॉक्टरीणबाईचं शास्त्र पूर्णपणे पटल्याचं त्यांनी जाहीर केलं, पारिसाचं व्रत अखंड असल्याचा निर्वाळा दिला आणि मास्तरांना तडक फळा पुसायला पाठवलं. कुणीतरी पारिसाआण्णांच्या गळ्यात हार घातला. भरमूनं तर त्यांना उचलायचाच प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

पारिसाआण्णा हारासकट घराकडे निघाले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बायको वाचली, मान वाचला. आणि आपण तिच्यासाठी केवढं केलं! हे तिला कसं सांगावं, याची ते वाटेत जुळवाजुळव करत होते.

दारात पाऊल टाकलं तर सोप्यात ब्राह्मीचं गाठोडं बांधून तयार. ती त्याच्यावर हात ठेवून बसली होती. बस्तीतून बातमी आण्णांच्या आधी घरी पोचली होती, पण सुरुवातीची अर्धीच.

"व्रत मोडलं म्हणालासा समद्या समाजाम्होरं," ती म्हणाली.

"व्हय, पर ऐक तरी..."

"खिडकीतनं गेलतासा म्हणं. घरात तर आला न्हाईसा. ते मला ठावं हाय. मग कुठं गेलतासा?"

पारिसाआण्णांना ही बाजू सुचलीच नव्हती. हार गळ्यात तसाच ठेवून ते मटकन खाली बसले.

"अगं, कुठंच न्हाय गेलतो. खोटं बोललो मी. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला काय झालं हुतं?"

आता काय सांगणार? एक बाई होती म्हणावं तर घर बुडतं, आणि खरं सांगावं तर त्याहून बुडतं. पण खोटं बोलायची त्यांची आजची ताकद खिडकीतच संपली होती. त्यांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढं ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. बारा आठवडे, बहात्तर दिवस, फळा, वजाबाकी, गुणाबाई.

ब्राह्मीनं कागद उचलून पाहिला. तिला तो वाचता येत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे मोजलासा तुमी."

"मास्तरानं मोजलं."

"आनि तुमी?"

"मी मोजलं, पर त्यावर इस्वास न्हाय ठेवला. म्हणून तर खिडकीत शिरलो."

ब्राह्मीनं पदरानं डोळे पुसले. मग त्यांच्या पोटाकडे पाहिलं, वखारीची खिडकी डोळ्यांपुढं आणली, आणि तिच्या तोंडून नको असताना हसू फुटलं. हसता हसता ती पुन्हा रडली. "डॉक्टरीणबाईनं मलाच इचारलं हुतं, शेवटचं कधी बसलीस म्हणून. म्याच तारीख सांगितली, तीच बाईनं कागदावर लिवली. दोन ढांगांवर बसलीवते मी चुलीपुढं. मला एक शब्द इचारला असतासा तर?"

पारिसाआण्णा हळूच म्हणाले, "आनि मला पटलं असतं व्हय गं?"

ब्राह्मीनं क्षणभर विचार केला.

"न्हाय. तुमी परत मास्तराकडंच गेला असतासा."

पारिसाआण्णांनी यावर पुष्कळ विचार केला. हार काढून बाजूला ठेवला, गाठोड्याची गाठ स्वतःच्या हातानं सोडली, आणि जन्मात पहिल्यांदा समोरच्याचं म्हणणं न तपासता मान्य केलं.