पॅसेजमधला पंच

व्हर्लन टिडमोर ‘हो’ म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात तळलेल्या कोंबडीचा घास होता, त्यामुळे ते ‘हो’ कोणाला नीट ऐकूही आलं नव्हतं. पुढे बायकोसमोर त्याने हा मुद्दा बरेचदा मांडून पाहिला. उपयोग झाला नाही.

अलाबामातल्या कॉफील्ड गावात बुधवारी संध्याकाळी अख्खं बॅप्टिस्ट चर्च एकत्र जेवतं. त्या बुधवारी पाद्री ब्रदर गेलन ताट घेऊन व्हर्लनच्या शेजारी बसले आणि म्हणाले, की पुढच्या आठवड्यात केकच्या स्पर्धेला तू पंच हो. येतात बारा केक, जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवता येतात चारच. आणि बारांतून चार कसे निवडायचे, यावर गावात तुझ्याइतका विचार कोणी केलेला नाही.

हे मात्र खरं होतं. अजिंक्यपदासाठी कॉलेजांचे चारच फुटबॉल संघ निवडत असत, तेव्हाची ही गोष्ट. तेरा मोठी माणसं हॉटेलच्या एका खोलीत बसून ते चार ठरवायची, आणि ती तेराही माणसं गाढव आहेत, हे व्हर्लनने त्यांना अकरा पत्रांतून कळवलं होतं. तो सरकारी कचेरीत मोटारींच्या परवान्यांच्या खिडकीवर बसे. नंबरप्लेट बदलायला आलेल्या माणसाने चुकून आपल्या कॉलेजची टोपी घातलेली असली, तर मागची रांग पार रस्त्यावर जाई. पंचांचा एक नियम तर त्याला विशेष खुपायचा. ज्याच्या कॉलेजची चर्चा निघेल, त्या पंचाने तेवढा वेळ खोलीबाहेर जायचं. “देह बाहेर जातो,” व्हर्लन खिडकीतून सांगे, “जीव आतच टांगलेला असतो.”

यंदा तर त्याचा स्वतःचाच जीव टांगलेला होता. त्याचं कॉलेज टॅलबर्ट स्टेट बारा सामने जिंकून एकच हरलं होतं. (व्हर्लन तिथे दीडच वर्ष शिकला. पण प्रेमाला पदवी लागत नाही.) चौथ्या जागेसाठी भांडण होतं ते ग्रीन फोर्क नावाच्या कॉलेजाशी. ते एकही सामना हरलं नव्हतं, पण व्हर्लनच्या मते ते अनाथाश्रमांशी खेळून जिंकलं होतं.

घरी येऊन त्याने पंचगिरीची बातमी नादीनला, म्हणजे बायकोला, सांगितली. नादीनचा सात थरांचा कॅरॅमल केक गेली नऊ वर्षं कॉफील्डमध्ये पहिला येत होता. जिल्ह्यात मात्र मागल्या वर्षी तो एका गुणाने हरला होता, आणि तो एक गुण नादीन वर्षभर उशीखाली घेऊन झोपत होती. ती भांडं घासत म्हणाली, “बरं झालं. निदान एक मत तरी घरचं.”

इथेच व्हर्लनने तोंड उघडायला हवं होतं. ते त्याने जेवणासाठी राखून ठेवलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी बारा केक ओळीने मांडले होते. नावं झाकून नुसते आकडे लावले होते. (या गुप्ततेचा उपयोग एवढाच, की गेल्या तीस वर्षांत गावातल्या एकाही बाईने ना केक बदलला होता ना ताटली.) तिघे पंच चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या बालवर्गाच्या खोलीत जाऊन बसले. खुर्च्या बालवर्गाच्याच असल्यामुळे तिघांचेही गुडघे कानांपाशी आले होते. दुसरे पंच स्वतः ब्रदर गेलन, आणि तिसरा होता हॉइट क्रम्प्टन, शाळेचा निवृत्त कोच आणि व्हर्लनचा जुना मित्र. तो जन्मभर दुसऱ्याच कॉलेजचा भक्त असल्यामुळे भांडायला विषय कधी संपला नव्हता, आणि मैत्री टिकून होती.

पहिली दोन नावं भराभर ठरली. मग निघाला ओपलीन स्ट्राउडबाईंचा नारळाचा केक. ब्रदर गेलन म्हणाले, की केक चांगला आहे, पण बाई गेल्या वर्षी शेजारच्या गावात हरल्या होत्या. व्हर्लन ताडकन उठला. म्हणजे खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

“हरल्या कोणाकडून ते बघा,” तो म्हणाला. “तगड्याशी लढून एकदा हरलेला मोठा, का दुबळ्यांना बदडून कधीच न हरलेला? नुसता न हरण्याचा कसला आलाय मोठेपणा?”

तो अर्थातच टॅलबर्ट स्टेटबद्दल बोलत होता. अकरा पत्रांचा सराव असल्यामुळे बोललाही सुरेख. हॉइटने मान डोलावली आणि ते वाक्य जपून ठेवलं. ओपलीनबाई चारांत आल्या.

त्यानंतर हॉइटची बायको विनेल हिचा केक निघाला. तो दुकानातल्या डब्यातल्या तयार पिठाचा आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. हॉइट खुर्चीवर बसून राहिला आणि केक किती हलका झालाय, याबद्दल दहा मिनिटं बोलला. मग आला सात नंबर. कॅरॅमल. सात थर.

एक मत घरचं. व्हर्लनच्या अंगात त्या क्षणी काय शिरलं कोण जाणे. तो छाती काढून म्हणाला, “या केकशी माझं नातं आहे. नियमाप्रमाणे मला बाहेर जायला हवं.”

“व्हर्लन, अरे, केक आहे,” ब्रदर गेलन म्हणाले.

“तत्त्व आहे,” व्हर्लन म्हणाला.

“जाऊ दे त्याला,” हॉइट फार हळुवारपणे म्हणाला. “असा माणूस आता मिळत नाही.”

पॅसेजमध्ये मुलांनी रंगवलेल्या नोहाच्या नावेच्या चित्राखाली एक बाक होतं. व्हर्लन त्यावर बसला. इतकं स्वच्छ त्याला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आतून एकदा हसणं ऐकू आलं. मग दार उघडलं.

केक पाचवा आला होता. हॉइटने समजावून सांगितलं, की नऊ वर्षं गावात हरला नाही हे खरं, पण जिंकला कोणाशी? तुझंच माप लावलं रे. चौथी विनेल. दोन विरुद्ध शून्य, आणि इथे सही कर. व्हर्लनने सही केली.

परतताना गाडी लॉरेल चालवत होती. ही त्यांची मुलगी, टॅलबर्टला संख्याशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला आली होती. (तिचं तिसरं वर्ष चालू होतं. बापापेक्षा वर्षभर जास्तच.) मागच्या सीटवर नादीन मांडीवर केक घेऊन बसली होती.

“माझ्या केकची चर्चा चालली होती, तेव्हा तू कुठे होतास?” तिने विचारलं.

“पॅसेजमध्ये.”

“आणि विनेलच्या केकच्या वेळी हॉइट?”

“खुर्चीवर.”

त्यानंतरचे चार दिवस नादीन व्हर्लनशी एक शब्दही बोलली नाही. बोलली ती लॉरेल.

“डॅडी, अकरा पत्रं लिहिलीत तुम्ही अन्यायाबद्दल. कधी अंडंही न फोडलेल्या तीन पुरुषांनी लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसून बारा बायकांच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लावला. त्यावर एखादं पोस्टकार्ड?”

“मी प्रामाणिकपणे वागलो, लॉरेल.”

“आईच्या खर्चाने,” लॉरेल म्हणाली आणि गिअर असा टाकला की केकचे सातही थर हलले.

रविवारी दुपारी चार संघांची नावं टीव्हीवर जाहीर व्हायची होती. दरवर्षीप्रमाणे हॉइट आणि विनेल टिडमोरांकडेच आले. नादीनने हसून दार उघडलं, विनेलच्या झग्याचं कौतुक केलं आणि दोघांना चांगल्या खुर्च्या दिल्या. (दक्षिणेत शत्रूला आधी गोड चहा देतात.) व्हर्लन टॅलबर्टचा सदरा घालून जमिनीवर बसला.

पहिलं नाव आलं, दुसरं, तिसरं. चौथं नाव: ग्रीन फोर्क. सगळे सामने जिंकल्याबद्दल.

टॅलबर्ट स्टेट पाचवं.

व्हर्लन बराच वेळ अनाथाश्रमांबद्दल बोलत होता. मग त्याला आठवलं. “आपल्या कॉलेजचा तो क्रीडासंचालक पंचांत आहे ना? आपलं घरचं मत! तो करत काय होता?”

लॉरेलने फोनवर बातमी शोधली आणि चवीने वाचून दाखवली. टॅलबर्टची चर्चा झाली तेव्हा ते नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले होते.

नादीन स्वयंपाकघरातून केक घेऊन येत होती. चार दिवसांनी ती प्रथमच नवऱ्याशी बोलली, आणि अगदी मायेने बोलली.

“हॉटेलच्या पॅसेजमध्ये बसायला बाक तरी असतं का रे, व्हर्लन?”

हॉइट चहात ठसकला. नादीनने केक टेबलावर ठेवला. नवा केला होता, सात थरांचाच, पण लहान भांड्यातला. तिने सुरी एकदा उभी फिरवली, एकदा आडवी. एक तुकडा विनेलला दिला (“डब्यातला नाही, जरा जड लागेल हं”), एक हॉइटला, एक लॉरेलला. चौथा घेऊन ती स्वतः सोफ्यावर बसली.

व्हर्लन रिकामी बशी पुढे धरून होता.

“चवीला उत्तम आहे,” लॉरेल घास गिळत म्हणाली, “पण डॅडी, तुमचं या केकशी नातं आहे ना?”

व्हर्लनने तिच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि बशी घेऊन मुकाट्याने पॅसेजमध्ये गेला.