विहीरवाला महिपती श्रीमंत निघाला

खडकेवाडीत गरीब कोण नि श्रीमंत कोण, हे टीव्हीवरच्या रात्री आठच्या मालिकेवरनं ठरतं. आधी ते जमिनीवरनं ठरायचं, पण त्यात डोकी फुटायची. मालिका सगळं गाव बघतं, त्यामुळं कुणाची तक्रार उरली नाही. तालुक्याचा साहेब येतो, घर बघतो, माणसं बघतो, मालिकेतल्या गरिबांशी जुळवतो. जुळलं तर गरीब, नाही जुळलं तर नाही.

महिपती लोंढे विहिरी खणायचा. सुरुंग लावायचा, यारीच्या यंत्रावर उभा राहून विहिरीतला दगड वर ओढायचा. त्यानं तोंड उघडलं की सुरुंगाची गरज पडत नाही, असं त्याचे गडी म्हणायचे. त्याची पोरगी उर्मी बारावी पास झाली होती आणि तिला नर्सिंग शिकायचं होतं. जिल्ह्याला मुलींचं वसतिगृह होतं, पण तिथं फक्त गरिबाच्या पोरीला जागा मिळायची. म्हणून महिपतीनं साहेबाला घर बघायला बोलावलं. पत्रा गळका, भिंती मातीच्या, बसायला खुर्ची नाही. गरीब ठरायला आणखी काय लागतं, असं त्याला वाटलं.

खैरमोडे साहेब सकाळी आला. दारात जोडे काढले आणि महिपतीच्या बायकोला, शेवंताला, खालीवर बघितलं.

“साडीला इस्त्री नाही,” तो म्हणाला.

“आमच्याकडं इस्त्री कुठनं येणार?” महिपती म्हणाला.

“मालिकेत गरीब बाईच्या साडीला रोज इस्त्री असते. ठिगळ असतं, पण चौकोनी, आणि रंगाला शोभणारं. बाई, तुम्ही खोकता का?”

“न्हाई बा,” शेवंता म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

“हसतात,” साहेब स्वतःशीच बोलला. मग उर्मीकडं वळला. “तू अभ्यास कंदिलापाशी करतेस ना?”

“लाईट हाय की. दुपारी यारीच्या सावलीत बसते.”

“अभ्यास करताना डोळ्यांतनं पाणी?”

“गणित आलं तर येतं.”

साहेबानं उसासा टाकला. “आता एकच राहिलं. लोंढे, हात जोडा, मान खाली घाला आणि म्हणा, साहेब, आमच्याकडं इज्जतीशिवाय काही नाही.”

महिपती तिथवर ओरडला नव्हता, हेच लई झालं.

“हात जोडू? तुझ्यापुढं? आरं, माझ्या दारात उभा राहून माझ्या बायकोचं लुगडं तपासतोस व्हय रं? हे माझं घर हाय! हितं माझा शब्द चालतो! नीघ!”

भिंतीची माती भुरूभुरू सांडली. साहेब निघाला नाही. त्यानं अदबीनं दोन्ही हात पुढं बांधले.

“माफ करा,” तो म्हणाला. “आधी सांगायचं. मालिकेत असं ओरडतं कोण? एकटे बंगल्याचे मालक दादासाहेब. गरीब माणसाचा आवाज आजवर चढलेला नाही. आपण श्रीमंत आहात.”

“मी?”

“आपण, मालक.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधनं जिना आला. श्रीमंताच्या घरात जिना लागतो, कारण त्यावरनं उतरल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. घराला माडी नव्हती. गवंड्यानं जिना घराच्या मधोमध उभा केला आणि पत्र्याला टेकवला. महिपतीला कोट दिला. मालिकेतला कोणताच श्रीमंत विहीर खणत नाही, म्हणून यारी सोडवून नेली.

“मग खायचं काय?” शेवंतानं विचारलं.

“श्रीमंत लोक जेवायला बसतात, कुणीतरी काहीतरी बोलतं, आणि ते ताटावरनं उठतात,” साहेब म्हणाला. “पोटभर जेवताना कुणाला बघितलंय का तुम्ही?”

शेवंतानं आठवून बघितलं. खरंच नव्हतं बघितलं.

“आणि साहेब, माझं नर्सिंग?” उर्मी म्हणाली.

“तुमचं शिक्षण झालंय, ताई. श्रीमंताची मुलगी शिकत नाही. ती परदेशातनं शिकून आलेली असते.” त्यानं चाकाची बॅग आणि काळा गॉगल तिच्यापुढं ठेवला. “लंडन. कालच उतरलात.”

“मी साताऱ्याच्या पुढं गेले न्हाई.”

“ते खरं. पण शिकून आलात.”

महिपतीचं डोकं तापलं, पण तो तोंड दाबून बसला. ओरडावं तर श्रीमंती आणखी पक्की होत होती.

उर्मी मात्र शेजारणीकडं रोज मालिका बघायची. ती कोपऱ्यात बसून विचार करत होती. मग उठली.

“साहेब, दादासाहेबानं पोरीला घराबाहेर काढलं, तवा ती गरीब झाली का न्हाई?”

साहेबानं डोळे मिटून आठवलं. “झाली. त्याच भागात चाळीत राहायला गेली. दुसऱ्या दिवशी ठिगळसुद्धा होतं.”

“मग झालं तर. आबा, हाकला मला.”

“ये खुळे,” महिपती म्हणाला.

“वसतिगृहाची जागा परवा भरायची हाय, आबा. जिन्यावर जावा.”

“मनापासून हाकलावं लागेल,” साहेबानं बजावलं. “आणि मालिका संपेपर्यंत मग बाप-लेकीनं बोलायचं नाही.”

मालिका सुरू झाली तेव्हा उर्मी बालवाडीत होती. अजून मालिकेत कुणाचं लग्नही नीट लागलं नव्हतं. शेवंतानं पदराचं टोक तोंडात धरलं.

महिपती कोट घालून जिन्यावर चढला. वर पत्रा डोक्याला लागत होता. वाकूनच उतरला, मधल्या पायरीवर थांबला आणि पोरीकडं बघितलं. राग येईना. जन्मभर जो राग न बोलावता यायचा, चहा गार झाला म्हणून यायचा, बैल बसला म्हणून यायचा, तो नेमका आज येईना.

“जा,” तो म्हणाला.

“हे निरोप दिल्यासारखं झालं,” साहेब म्हणाला.

“जा की गं बाई.”

“हे तर लाडानं.”

उर्मीनं ओठ चावला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आबा, तुमाला पाणी कळत न्हाई.”

“काय?”

“तुमी खणलेली पाटलाच्या मळ्यातली विहीर कोरडी ठाक पडलीय. सगळं गाव हसतंय. म्हणतंय, महिपतीपेक्षा शेरडं बरी, ती तरी वल्या जागी बसत्यात.”

“कोण म्हणतंय? भाड्या कोण म्हणतंय?” महिपतीच्या मानेच्या शिरा ताठल्या. “माझ्या घरात माझ्या हातानं पाणी काढून दिलं तुला, आणि मलाच बोलतीस? चालती हो! तोंड दावू नकोस! तू मेलीस मला!”

पत्रा थरथरला. साहेबानं मान डोलावली.

“गरीब,” तो उर्मीला म्हणाला.

उर्मीनं बॅग उचलली. चाकं होती, पण तिनं ती हातातच धरली. उंबऱ्यावर वळून बघायची मालिकेत पद्धत आहे, म्हणून एकदा वळली. महिपतीचा राग तवर ओसरला होता, पण बोलायची सोय उरली नव्हती.

वसतिगृहात जागा मिळाली. शेजारणीकडं आठ वाजता शेवंता जाऊन बसायची. परत आली की महिपती नुसता भुवया उडवायचा, ती मान हलवायची. संपायची लक्षणं नव्हती. उलट एक जुळा भाऊ निघाला होता.

भाद्रपदात फोन वाजला. मालिकेत हाकललेली पोरगी फोन करते, बाप कानाला लावतो आणि एक शब्द बोलत नाही. तेवढं चालतं. महिपतीनं फोन कानाला लावला.

“आबा, तुमी बोलू नका,” उर्मी म्हणाली. “नुसतं ऐका. आज सुई टोचायला शिकवली. आधी संत्र्याला टोचली. मग मैत्रिणीला. ती वराडली न्हाई. शीर कुठं हाय ते बोटानं चाचपून बघायचं असतं, वरनं दिसत न्हाई. मला पहिल्याच झटक्याला गावली. मॅडम म्हणल्या, तुला कुणी शिकवलं?”

महिपती भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिला. ती बोलली, थांबली, परत बोलली, मग फोन बंद झाला.

“कुणाचा वं?” चुलीपाशनं शेवंतानं विचारलं.

“राँग नंबर,” महिपती म्हणाला. फोन त्यानं बराच वेळ हातातच धरला होता. “पण पोरगी हुशार हाय.”