शमुवेल मास्तरांची सावकाश तबकडी

आमचे शेजारी शमुवेल मास्तर पियानो इतका सावकाश वाजवत, की एक सूर ऐकून चहा टाकावा आणि तो गाळताना दुसरा ऐकावा. ह्याला ते जॅझ म्हणत. तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात वाजवायचे. हॉटेलवाल्याने त्यांना का सोडलं, हे मी कधी विचारलं नाही.

कुणी ‘जरा लवकर’ म्हटलं, की पियानोचं झाकण बंद. "घाई कशाची? सूर उतरू द्या," हे त्यांचं ठरलेलं. चर्चमध्ये मंडळी दुसऱ्या कडव्यात असायची, मास्तर पहिल्यात. शेवटी पाद्रीसाहेबांनी प्रवचन आखूड केलं, तेवढाच सगळ्यांचा फायदा.

दुष्काळाच्या साली लोक धान्यासाठी रांगा लावत होते, तेव्हा मास्तर मुंबईहून स्वतः वाजवून काढलेल्या तबकड्यांचं खोकं घेऊन एसटीतून उतरले. चाली सगळ्या स्वतःच्या. एकीचं नाव ‘केडगाव नाका’, दुसरीचं ‘भंडारदऱ्याचं धुकं’, शेवटची नुसती ‘रूथ’. रूथबाई त्यांची बायको, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. नगरात एकाने तरी तबकडी शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच मास्तरांचं मागणं. मला ‘केडगाव नाक्या’वरच झोप लागली.

पुढे राहुरीला त्यांच्या एका शिष्येचं लग्न निघालं. मास्तरांनी लाउडस्पीकरवाल्या बबनला तबकडी देऊन ‘रूथ’ लावायला सांगितली. बबनच्या तबकड्या सगळ्या जुन्या, भरभर फिरणाऱ्या. मास्तरांची नवी तबकडी सावकाश फिरवायची, त्यासाठी यंत्राच्या वेगाचा खटका बदलायचा असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. ‘रूथ’ अशी सुटली, की पंगतीतले वाढपी धावायला लागले. पोरं नाचली. आता मास्तर मांडव डोक्यावर घेणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात बबन आला.

"मास्तर, नवऱ्याची आजी म्हनती, लई झ्याक हाय. परत लावू का?"

मी खटका बदलायला उठलो. मास्तरांनी माझा हात धरला. त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर तो वेग गाठू बघत होती आणि चुकत होती.

"राहू द्या. रूथ जन्मभर हेच सांगायची, जरा भरभर वाजवा, मला नाचायचंय. मी एकदाही वाजवलं नाही."

मी परत खाली बसलो.

"लाव परत," मास्तर बबनला म्हणाले.

‘रूथ’ मी त्या दिवशी प्रथमच शेवटपर्यंत ऐकली. दोनदा.