पोतं हात जोडीत नाय

बबनदादांकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याला काट्यावर उभं राहावं लागे. काटा भातगिरणीतला, पोती तोलायचा. कुणी कुरकुर केली तर दादांचं उत्तर ठरलेलं, "आधी भार, मंग बाकी." मी शेणव्याच्या शाळेत बदलून आलो आणि गिरणीमागची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा नाव-गाव काही न विचारता त्यांनी मला काट्यावर चढवलं. आकडा पाहून त्यांचा चेहरा उजळला. माझ्या वजनाचा कुणाला आनंद व्हावा, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खोली तिथल्या तिथे मिळाली.

हा माणूस कुठेही भारच पाही. लग्नात सगळे नवरीचा शालू बघत, दादा मात्र तिला उचलून आणणाऱ्या मामाकडे काळजीने बघत. एकदा मयताला खांदा देताना ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मागं जास्त हाय, मास्तर. उंच माणसाला मागं घ्या." सांगितलेलं बरोबर होतं, म्हणून आम्ही गुपचूप जागा बदलल्या.

दोन हजार सालानंतर केव्हातरी, मी शेणव्यात येण्याच्या थोडं आधी, त्यांनी टीव्हीवर हॉवरक्राफ्ट पाहिलं होतं. पोटाखाली हवा कोंडून पाण्यावरून आणि चिखलावरून सारखंच सरकणारं ते वाहन पाहून दादा जेवता जेवता उठले ते थेट गिरणीत गेले. कोंडा उडवणारा पंखा तिथे होताच. भंगारातून स्कूटरचं इंजिन आलं, प्लायवूडचा पाट झाला आणि खाली हवा अडवायला ताडपत्रीचा घेर लागला. तो सरूवहिनींनी शिवला, एका हाताने सुई आणि तोंडाने नवऱ्याचा उद्धार चालवत. हवेनं नुसतं उचलायचं, पुढं ढकलायला दादांच्या हातात बांबू.

या वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. त्याआधी दोन वर्षं त्या खळ्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण चालणं कुबडीवर आलं, तेही घरातल्या घरात. दिवसभर ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या. समोर नदी, नदीपलीकडे मुरबाड तालुका आणि त्यांचं माहेर. माहेरच्या चिंचेचा शेंडा ओट्यावरून दिसे. पूर्वी नदी उतरली की त्या चिखल तुडवत पायीच जायच्या. आता त्या चिखलात होडीही रुतायची आणि कुबडीही. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, दोन एसट्या आणि त्यांच्या त्या उंच पायऱ्या.

दादा मात्र सगळ्यांना सांगत की पलीकडचं भात आणायला हे वाहन करतोय. दोन माणसांचा भार उचलला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. वहिनींनी मुदत घातली होती. नवं भात गिरणीला लागायच्या आत पंखा जागेवर परत पाहिजे, नाहीतर पाटाचं सरपण होणार.

पहिल्या चाचणीत वाहन जागेवरच राहिलं आणि अंगणातल्या कोंबड्या तेवढ्या उडाल्या. पंख्यात साचलेला कोंडा शेजाऱ्यांच्या धुतलेल्या चादरींवर बसला. दादा हरले नाहीत. एकेक पोतं चढवायचं, इंजिन सुरू करायचं आणि घेराखालून झाडूची काडी सरकवून बघायची. काडी आरपार गेली तर पास. दुसऱ्या पोत्याला काडी अडे. मग घेर उसवून पुन्हा शिवायचा, म्हणजे वहिनींनी पुन्हा उद्धार करायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी दोन पोती चढवून काडी गेली, तेव्हा दादांनी ती काडी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

आता जिवंत भार पाहिजे होता. दादा माझ्याकडे ज्या प्रेमाने बघायला लागले, त्यावरून मी काय ते समजलो.

चाचणीला नदीकाठी सगळं गाव लोटलं. इंजिन फडफडलं, घेर फुगला आणि आम्ही दोघे खरंच चिखलावरून सरकायला लागलो. मला फार थोर वाटत होतं. तेवढ्यात उजव्या हाताला काठावर गावदेवीचं देऊळ आलं. मी सवयीनं तिकडे वळलो, वाकलो आणि हात जोडले. ते एक वेळ चाललं असतं. पण त्याच क्षणी दादांनीही बांबू सोडून हात जोडले. सगळा भार एका बाजूला गेला, दुसऱ्या बाजूने हवा निसटली, वाहन गर्रकन फिरलं आणि मी कमरेपर्यंत चिखलात रुतलो.

काठावर हसून हसून लोक लोळत होते. दादांनी मला उपटून काढलं आणि लहान मुलासारखं दोन्ही हातांवर घेतलं. मला खाली ठेवण्याआधी ते क्षणभर तसेच उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "बरोबर हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोतं हात जोडीत नाय, मास्तर. तिथंच चुकलो."

त्यावर त्यांनी उपाय काढला. देवळासमोर इंजिन बंद करायचं, वाहन चिखलावर टेकवायचं, पोटभर नमस्कार करायचा आणि मगच पुढे निघायचं.

नवं भात लागायला दोन दिवस उरले असताना दादांनी मला नदीवर बोलावलं. पुन्हा चिखल नशिबी आहे असं धरून मी जुने कपडे घालून गेलो. पण माझ्या जागेवर सरूवहिनी बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, कुबडी आडवी धरून. मी घाबरलो आणि विचारलं, यांना काट्यावर घेतलं का, भार जमेल ना?

दादांना ते मुळीच आवडलं नाही. "तिला काट्यावर कशाला? ओट्याच्या पायऱ्या रोज मीच चढवतो ना उचलून. तुमी नि ती सारखेच. चिखलातून काढताना हातांनीच सांगितलं."

खोली तिथल्या तिथे का मिळाली होती, ते मला तेव्हा कळलं. पलीकडच्या भाताचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

देवळासमोर इंजिन थांबलं. वहिनींनी एवढा वेळ हात जोडले की काठावर लोक चुळबुळायला लागले. दादा बांबूला टेकून उभे होते, त्यांना कसलीच घाई नव्हती. मग घेर पुन्हा फुगला, चिखल सरला, मधलं पाणीही सरलं. पलीकडे चिंचेखाली वहिनींची म्हातारी आई उभी होती. इंजिनाच्या आवाजातही लेकीची हाक अलीकडे ऐकू आली, आणि माझे डोळे भरून आले, ते मी काही लपवले नाहीत.

वहिनी आठ दिवस राहणार होत्या. तोवर पंखा वाहनावरच ठेवायची त्यांनी परवानगी दिली होती. दादा एकटेच परतले. वाहन आता हलकं होतं, तरी देवळासमोर ते थांबलेच. मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलो. ते पायरीशी उभे राहिले, सवयीनं दोन्ही हात पुढे केले, आणि मग ते तसेच खाली सोडून वर गेले.

ओट्यावर वहिनींच्या जागेच्या बाजूला बसून त्यांनी बराच वेळ पलीकडे पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आठ दिस जास्तच झालं नाय का वो?"